लास वेगासमधलं जुनं काउबॉय थीमचं कॅसिनो हॉटेल: सहा महिन्यांनंतर

फेब्रुवारी ते जुलै २०२५ मी दर सोमवारी कामासाठी लास वेगासला जायचे आणि गुरुवारी रात्री परतायचे. ऑफिस शेजारच्या हेंडरसन शहरात आणि कंपनीचा भत्ता बेताचा, म्हणून स्ट्रिपपासून, म्हणजे मोठ्या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यापासून, लांबचं एक जुनं कॅसिनो हॉटेल घेतलं. पहिल्या दिवशी मी खरंच खूश होते. लाकडी गाडीच्या चाकांची झुंबरं, दारूगुत्त्याचे झुलते दरवाजे, निऑनचा भलामोठा बूट. थीमवाली जुनी हॉटेलं तिथे आता एकेक करून जात आहेत. मिराज जुलै २०२४ मध्ये बंद झालं, १९५७ चं ट्रॉपिकाना त्याच ऑक्टोबरमध्ये स्फोटानं पाडलं. त्यामुळे उरलेल्यातलं एखादं जवळून बघायला मिळतंय याचं मला अप्रूप होतं.

पण थीम लॉबीपुरतीच. वर गालिच्याचे सांधे उसवलेले, गादीला मधोमध खळगा, टबातलं पाणी तुंबलेलं. तक्रार केली की माणूस यायचा, पाणी निघायचं, पुढच्या सोमवारी दुसऱ्या खोलीत तेच.

सगळ्यात जास्त त्रास एसीचा झाला. एप्रिलमध्ये दुपारी बाहेर चांगलं ऊन आणि खोलीत गरम हवा. थर्मोस्टॅटवर ६८ फॅरनहाइट लावा नाहीतर ६०, फरक शून्य. दुरुस्तीला आलेल्या काकांनी नीट समजावलं: इमारतीत पाण्याच्या दोनच नळ्या फिरतात, त्यामुळे एका वेळी सगळ्या खोल्यांना एक तर गरम पाणी, नाही तर गार. मोसम बदलला की बॉयलर बंद करून चिलर (पाणी गार करणारं यंत्र) सुरू करतात, आणि तो दिवस अजून यायचा होता. जुन्या इमारतीत असं असतं, हे मला पटलं. मग चेक-इनच्या वेळी सांगायला काय हरकत होती? निदान टेबलफॅन तरी द्यायचा. मी मागितला तेव्हा सगळे आधीच वाटून झाले होते.

खोलीत किटली नाही, फ्रिज नाही. कॉफीसाठी खाली जायचं, म्हणजे स्लॉट मशीनच्या रांगांमधून. लिफ्ट, रेस्टॉरंट, पार्किंग, सगळ्या वाटा जुगाराच्या हॉलमधूनच. नेवाडात त्या हॉलमध्ये सिगारेट ओढायला कायद्यानं परवानगी आहे, आणि इथली हवा खेळती नाही. नॉन-स्मोकिंग खोली घेऊनही माझ्या सलवार-कुडत्यांना शुक्रवारी घरी वास यायचा.

मे महिन्यात आई-बाबा नाशिकहून आले होते, त्यांना एक आठवडा सोबत नेलं. बाबांचं इन्सुलिन ठेवायला फ्रिज मागितला. औषधासाठी म्हणून पैसे घेतले नाहीत, पण तो यायला रात्रीचे अकरा वाजले. तोवर आई बर्फाच्या बादलीत कुपी पिशवीत गुंडाळून बसली होती. बाबा बिचारे काही बोलले नाहीत. मला मात्र फार अपराधी वाटलं.

आता पैशांचं. खोली ४२ डॉलर म्हणून दिसायची. त्यावर रोजची ३८ डॉलर रिसॉर्ट फी, वर दोन्हींवर कर, म्हणजे नव्वद. फी वायफाय आणि जिमची. वायफायवर व्हिडिओ मीटिंग टिकत नव्हती. १२ मे २०२५ पासून अमेरिकेत नवा नियम आला, फी धरून पूर्ण दर सुरुवातीलाच दाखवावा लागतो. फी बंद झालेली नाही, फक्त आता आधी दिसते. तुम्ही दर बघताना शेवटचाच आकडा बघा.

माणसांबद्दल मात्र वाईट लिहिणार नाही. आमच्या मजल्यावर खोल्या आवरणाऱ्या बाई तिथे बावीस वर्षं होत्या. तिसऱ्या आठवड्यापासून त्या मला न सांगता जास्तीची उशी ठेवायच्या, त्या खळग्यावर घालायला. गाद्या बदला म्हणून वरच्यांना सांगून सांगून थकले, असं त्या म्हणाल्या. जुनेपणाचा मला राग नाही. रोज ३८ डॉलर जास्तीचे घेऊन गादी मात्र बदलायची नाही, याचा आहे.

ऑगस्टपासून हेंडरसनलाच, कॅसिनो नसलेल्या साध्या हॉटेलात उतरते. दर जवळपास तोच. खोलीत फ्रिज आहे, किटली आहे, सकाळी आलं किसून चहा करते. शेवटच्या गुरुवारी त्या बाईंना टिप आणि चिवड्याचं पाकीट देऊन आले.