क्यूजीआयएस : गट फोडला आणि क्षेत्र दुप्पट झालं (आठ महिन्यांचा अनुभव)

क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये नकाशा काढण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. माझं भांडण आहे ते स्प्लिट केल्यावर (एका आकृतीचे दोन तुकडे केल्यावर) माहितीच्या टेबलात काय होतं, त्याच्याशी.

माण तालुक्यातल्या एका गावाचे गट (जमिनीचे क्रमांक दिलेले तुकडे) डिजिटाइझ करत होतो, म्हणजे कागदी नकाशावरून संगणकात उतरवत होतो. वाटण्या झालेले गट स्प्लिट टूलने फोडले. शेवटी क्षेत्राच्या कॉलमची बेरीज केली, तर गावाच्या एकूण क्षेत्रापेक्षा कितीतरी जास्त! सातबाऱ्यावर १.२० हेक्टर असलेल्या गटाचे दोन तुकडे, आणि दोन्हींपुढे १.२० तसंच. आकारणीची (शेतसाऱ्याची) तीच गत. ज्यांच्याकडून काम घेतलं होतं त्यांनी फाइल परत पाठवली, आणि दोन रात्री एकेक गट तपासण्यात गेल्या. फार संताप झाला.

तेव्हा मी क्यूजीआयएसची ३.२२ ही आवृत्ती वापरत होतो. नेटपॅक वाचवायचा म्हणून नवी आवृत्ती उतरवलीच नव्हती. हीच काटकसर अंगाशी आली. ३.३० पासून प्रत्येक कॉलमला स्प्लिट पॉलिसी (फोडल्यावर त्यातल्या किमतीचं काय करायचं याचा नियम) देता येते, हे ३.३४ टाकल्यावर कळलं. लेअर प्रॉपर्टीज, ॲट्रिब्यूट्स फॉर्म, तिथे कॉलम निवडायचा. क्षेत्र आणि आकारणीला 'यूज रेशो कॉम्पोझिशन' (प्रमाणात वाटा), खातेदाराच्या नावाला 'डुप्लिकेट व्हॅल्यू' (तसंच ठेवा), पोटहिस्स्याला 'रिमूव्ह व्हॅल्यू' (रिकामं करा).

आधी मी क्षेत्रासाठी $area चं सूत्र लावून बघितलं होतं. ते चुकीचं. सूत्र काढलेल्या आकृतीचं क्षेत्र देतं. त्या गटाचं आलं १.१७. कागदावर १.२० आहे आणि हिशेब कागदाशीच जुळायला हवा. रेशोमध्ये कागदावरचाच आकडा आकृतीच्या प्रमाणात वाटला जातो: ०.७२ आणि ०.४८. बेरीज १.२०. हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं तेव्हा खरंच हायसं वाटलं. अर्थात मोजणी झालेली असेल तर मोजणीचाच आकडा भरा. प्रमाण म्हणजे मोजणी नव्हे.

डिजिटायझिंगच्या सेटिंगमधला 'आधी भरलेली किंमत पुन्हा वापरा' हा पर्याय मात्र मी बंद केला. विहिरींची माहिती भरताना तो मला फार आवडला होता, सगळीकडे 'दगडी बांधकाम' आपोआप येई. गटांवर आलो आणि एकाच खातेदाराचं नाव सलग सहा गटांना लागलं. विहिरींच्या प्रकारासाठी व्हॅल्यू मॅपची (ठरलेल्या पर्यायांतून निवडायची) यादीच बरी, टायपिंगच्या चुकाही टळतात.

गट एकत्र करताना बेरीज हवी की पहिल्याची किंमत, हे ३.३४ मध्ये दरवेळी हातानेच निवडावं लागायचं. त्याचा फारसा त्रास नव्हता.

खरी खंत दुसरीच आहे. या पॉलिसी प्रोजेक्टमध्ये (क्यूजीआयएसच्या कामाच्या फाइलमध्ये) राहतात. सोबत्याला नुसती शेपफाइल (आकृत्या आणि टेबल असलेली फाइल) दिली आणि त्याने नव्या प्रोजेक्टमध्ये उघडून गट फोडला, की पुन्हा १.२० आणि १.२०. म्हणून आता लेअरबरोबर स्टाइलची क्यूएमएल फाइल (लेअरच्या सेटिंग आणि या पॉलिसी साठवणारी) देतो, आणि ती आधी लोड करायला फोन करून सांगतो.