एफवन टीव्ही प्रो : जुन्या प्रेक्षकाने घ्यावं की नाही?

एफवन टीव्ही प्रो म्हणजे फॉर्म्युला वन कार रेसिंगची स्वतःची, पैसे भरून घ्यायची ऑनलाइन सर्व्हिस. सरळच सांगतो, ज्याला पहिल्या लॅपपासून (ट्रॅकच्या फेरीपासून) शेवटच्या लॅपपर्यंत रेस बघायची सवय आहे त्याने डोळे झाकून घ्यावं, आणि ज्याला फक्त स्टार्ट, अपघात आणि पोडियम बघायचंय त्याला हायलाइट्स पुरतात. ही सर्व्हिस २०१८ ला सुरू झाली. यात प्रत्येक गाडीचा ऑनबोर्ड म्हणजे गाडीवरच बसवलेला कॅमेरा, ड्रायव्हर आणि टीमचं रेडिओवरचं बोलणं, लाइव्ह टायमिंग म्हणजे प्रत्येकाच्या वेळेचे आकडे, कोणती गाडी ट्रॅकवर नेमकी कुठे आहे त्याचा नकाशा आणि जुन्या रेसेसचा मोठा साठा मिळतो.

मी जुन्या दहा सिलिंडरच्या व्ही१० इंजिनांच्या काळापासून बघतोय. तेव्हा डायरेक्टर जे दाखवेल तेच बघायचं, बाकी सगळा अंदाज. कोणाच्या टाकीत किती पेट्रोल आहे हे कॉमेंटेटरलाही ठाऊक नसायचं, गाडी पिटमध्ये, म्हणजे पेट्रोल-टायरसाठी थांबायच्या जागी आली की नळी किती सेकंद लावून ठेवली ते मोजायचं आणि त्यावरून हा आता किती लॅप जाईल हे ठरवायचं. २०१० पासून रेसमध्ये पेट्रोल भरणंच बंद झालं, मग सगळा खेळ टायरवर आला, आणि टायरचा खेळ टीव्हीच्या मेन फीडवर, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या चित्रावर नीट दिसतच नाही हो. तो दिसतो टायमिंगच्या पानावर. मागच्याने दोन लॅप आधी टायर बदलले, बाहेर पडला आणि त्याचा सेक्टर (लॅपचा एक तुकडा) जांभळा झाला, म्हणजे सगळ्यांत वेगवान ठरला, की समजायचं अंडरकट, म्हणजे आधी टायर बदलून पुढच्याला गाठायचा डाव, लागू पडतोय, पुढचा अजून आरामात चाललाय आणि मेन फीडवर कोणाच्या तरी गॅरेजमधले पाहुणे दाखवतायत. हे एकदा वाचता यायला लागलं ना की साध्या रेसमध्येही जीव येतो.

पण खरी गोष्ट ऑनबोर्डची. एका ड्रायव्हरबरोबर पूर्ण रेस बसून बघा. सरळ रस्त्यावर गाडी फुल स्पीडला, ब्रेक मारायची जागा अजून लांब आहे आणि तो आधीच पाय उचलतो, इंजिनाचा आवाज खाली येतो, पुढच्या गाडीचा मागचा लाल दिवा लुकलुकतो म्हणजे तीही बॅटरी भरून घेतेय, कारण आताच्या गाड्या हायब्रिड, पेट्रोल आणि वीज दोन्हीवर चालणाऱ्या. त्यात रेडिओवर इंजिनिअर सांगतो की अमुक वळणाला टायर सांभाळ, पुढच्यापासून दोन सेकंद लांब राहा. पहिल्यांदा हे सलग ऐकलं तेव्हा मला खूप वाईट वाटलं होतं, की जगातले सगळ्यात वेगवान ड्रायव्हर आणि त्यांना काम काय तर हळू चालवायचं.

मग त्याच ॲपवर २००५ च्या रेसेस परत बघितल्या. त्या वर्षी नियमच असा होता की एकाच टायरवर पूर्ण रेस काढायची. जर्मनीत नुर्बुर्गरिंगला किमी रायकोनेन हा ड्रायव्हर पुढे होता, पुढचा टायर एका जागी घासून सपाट झाला होता, गाडी इतकी थरथरत होती की बघवत नव्हतं, आणि शेवटच्या लॅपला पहिल्याच वळणावर सस्पेन्शन तुटलं, रेस अलोन्सोने जिंकली. म्हणजे टायर सांभाळणं तेव्हाही होतं, ते आपल्या कानावर पडत नव्हतं इतकंच. आता सगळं ऐकू येतं म्हणून जुने लोक म्हणतात की पूर्वी सगळे जीव तोडून चालवायचे. मला हे पटत नाही. त्याच वर्षीची जपानमधली सुझुकाची रेस मात्र शोधून बघाच, रायकोनेन १७ व्या नंबरवरून निघाला आणि शेवटच्या लॅपला फिसिकेलाला बाहेरून मागे टाकून जिंकला, तेव्हा डीआरएस, म्हणजे ओलांडायला सोपं जावं म्हणून मागचा पंख उघडायची सोय, वगैरे काही नव्हतं. आणि त्या जुन्या इंजिनांचा तो आवाज! २०१४ च्या टर्बो हायब्रिडपासून तो गेला तो गेलाच, त्याचं दुःख मला आजही आहे.

गाड्या जड झाल्या हे मात्र खरं दुखणं आहे. त्या काळी ड्रायव्हरसकट साधारण ६०० किलो, २०२५ मध्ये ८०० किलो. त्यातलं काही वजन हायब्रिडचं, काही सेफ्टीचं, आणि सेफ्टीच्या वजनाबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. २०१८ ला हेलो, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीचं संरक्षक कडं, आलं तेव्हा ते दिसायला मलाही खटकलं होतं, पण २०२० ला बहरीनमध्ये ग्रोजाँ या ड्रायव्हरची गाडी रेलिंग फोडून पेटली आणि तो त्या आगीतून स्वतः बाहेर पडला, विषय संपला. पण एवढ्या मोठ्या गाड्या मोनॅकोच्या गल्ल्यांत एकमेकांना ओलांडणार कशा? २०२४ ला तिथे पहिले दहा ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पोचले, २०२५ ला मग दोन वेळा टायर बदलायची सक्ती केली तरी फार फरक पडला नाही. मोनॅकोला शनिवारची क्वालिफाइंग, म्हणजे रेसला कोण कितव्या नंबरवरून निघणार ते ठरवणारी फेरी, ऑनबोर्डवरून बघा, भिंतीपासून टायर किती जवळून जातो ते बघून अंगावर काटा येतो, रविवार सोडला तरी चालेल.

२०२६ च्या नियमांत वजन साधारण ७७० किलोवर आणलं, गाडी लहान केली, डीआरएस काढून टाकलं, त्याबद्दल मी मनापासून खूश आहे. पण विजेची ताकद १२० किलोवॅटवरून ३५० वर नेलीय, म्हणजे बॅटरी कधी भरायची आणि कधी खर्च करायची हेच आता निम्मं ड्रायव्हिंग झालं, आणि ते बाहेरच्या कॅमेऱ्यातून कळणार नाही. त्यामुळे ऑनबोर्ड आणि टायमिंग ही पूर्वी हौस होती, आता त्याशिवाय अर्धी रेस हातातून सुटते. हे मला आवडत नाही. जो खेळ बघून समजत होता तो समजायला दुसरा स्क्रीन लागावा हे काही चांगलं लक्षण नाही, नवीन माणूस अशाने टिकायचा कसा.

एका वर्षात २४ पर्यंत रेसेस आणि वर स्प्रिंट म्हणजे शनिवारच्या छोट्या रेसेस, हे जरा जास्तच होतंय, मी स्प्रिंट बघायच्या सोडल्यात.

घेणार असाल तर आधी तुमच्या देशात लाइव्ह मिळतं का ते तपासा, काही ठिकाणी फक्त टायमिंग आणि जुन्या रेसेस असतात. आणि पहिल्या रेसला पुढच्या दोघांना सोडून द्या, आठव्या-दहाव्या नंबरवरचा कोणीतरी धरा, त्याचा रेडिओ लावा आणि शेवटपर्यंत त्याच्याबरोबरच राहा.