क्लृप्ती की व्युत्पत्ती?

इंग्रजी शब्द पाठ करायचे, तर क्लृप्ती वापरावी की व्युत्पत्ती, म्हणजे शब्दाचं मूळ, शोधावं? ‘गलिबल’ म्हणजे भोळा, चटकन फसणारा. मी हा शब्द असा लक्षात ठेवला: ज्याच्या गळी काहीही उतरवता येतं, तो गलिबल! एकदा ऐकलं की विसरणं कठीण. परीक्षा पंधरा दिवसांवर असेल, तर अशा क्लृप्त्याच कामी येतात. पण एक क्लृप्ती एकाच शब्दापुरती, आणि दोनशे शब्दांच्या दोनशे क्लृप्त्या झाल्या की त्यांचीच गल्लत होते.

व्युत्पत्तीला वेळ लागतो, पण ती पुरून उरते. लॅटिन ‘लोक्वी’ म्हणजे बोलणं. त्यातून लोक्वेशियस (बडबड्या), एलोक्वंट (वक्तृत्वपूर्ण) आणि सोलिलोक्वी (स्वगत) एका दमात कळतात. आपल्याला तर घरचाच आधार आहे: लॅटिन ‘इग्निस’ आणि आपला ‘अग्नी’ ही सख्खी भावंडं. म्हणून सह्याद्रीचा काळा बसाल्ट ‘इग्नियस’, अग्निजन्य खडक. हे नातं मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा अंगावर काटा आला होता!

अर्थात मूळ कधी चकवतंही. ‘नाइस’चं लॅटिन मूळ ‘अजाण’ या अर्थाचं आहे. अशा ठिकाणी मूळ बाजूला ठेवून शब्द वाक्यातच वाचावा.

माझा कौल व्युत्पत्तीला. मूळ हाती लागत नाही, तिथे क्लृप्ती खुशाल वापरा.