स्विमिंग पूलभोवती कोबा की पेव्हर? ओंटारियोच्या हिवाळ्याचा हिशेब

ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत पूल बंद करायचा आणि मे महिन्यात व्हिक्टोरिया डेच्या आसपास उघडायचा, हा कॅनडातल्या टोरांटो परिसरातला बहुतेकांचा रिवाज. म्हणजे जेमतेम पाच महिने पूल आपला, उरलेले सात थंडीचे. पण डेक, म्हणजे पुलाभोवतीची चालायची जागा, निवडताना सगळी चर्चा त्या पाच महिन्यांचीच होते: रंग कोणता, नक्षी कोणती, बार्बेक्यू कुठे ठेवायचा. आमचंही तसंच झालं. मिसिसागाला आमच्याकडे स्टॅम्प्ड काँक्रीट आहे, ऑटावाला मेहुण्याकडे इंटरलॉक पेव्हर (एकमेकांना लागून बसवलेल्या काँक्रीटच्या सुट्या विटा), आणि आमच्या शेजाऱ्यांकडे कॉम्पोझिट (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या) फळ्यांचा डेक. तिन्हींवर मी स्वतः झाडू मारलेला आहे, म्हणून हा खटाटोप.

आधी एक गैरसमज. डेक थंडीने फुटत नाही, पाण्याने फुटतो. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. ते छिद्रात किंवा भेगेत अडकलेलं असेल तर जागा करून घेतं. वितळलं की त्या वाढलेल्या जागेत आणखी पाणी शिरतं, रात्री पुन्हा गोठतं. ऑटावाची थंडी आमच्यापेक्षा कडक, पण तिथे गोठलेलं बरेच दिवस गोठलेलंच राहतं. आमच्याकडे ओंटारियो सरोवराकाठी दुपारी अधिक ३ आणि रात्री उणे ६ असा खेळ आठवडाभर चालतो. तेव्हा ‘आमच्याकडे एवढी थंडी नसते’ या भरवशावर डेक निवडू नका.

स्टॅम्प्ड काँक्रीट म्हणजे आपल्या भाषेत नक्षी उमटवलेला कोबाच. सफाईला याच्यासारखं सोपं काही नाही. सांधे कमी, त्यामुळे गवत नाही, मुंग्या नाहीत. खराटा, पाइप आणि साधा सौम्य साबण, अर्ध्या तासात काम संपतं. ओकची पानं भिजून पडली की तपकिरी डाग राहतात; ऑक्सिजन ब्लीचची पूड पाण्यात कालवून वीस मिनिटं ठेवली आणि ब्रश मारला की बहुतेक जातात.

दुखणं आहे ते सीलरचं, म्हणजे वरून देतात त्या संरक्षक लेपाचं. नक्षीचा रंग खुलावा म्हणून वर ॲक्रिलिकचा चकचकीत थर देतात. तो दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो, आणि खाली ओल असताना दिला तर पांढरट धुरकट दिसतो. आमच्या कंत्राटदाराने त्यात खरखरीतपणा येणारी पूड मिसळली नाही. पहिल्याच उन्हाळ्यात भाचा ओल्या पायांनी धावला आणि हनुवटीला तीन टाके पडले. दुसरा पर्याय सिलेन-सिलोक्सेन जातीच्या सीलरचा. तो आत मुरतो, वर पापुद्रा करत नाही, पाणी बाहेरून आत जाऊ देत नाही पण आतली वाफ बाहेर सोडतो. चमक येत नाही, एवढीच तक्रार. नवा डेक करणार असाल तर नक्षी सोडा, झाडूने रेघा ओढलेलं साधं काँक्रीट घ्या आणि त्यावर हा सीलर मारा. फोटो कमी छान येतील, पण कुणी घसरणार नाही.

काँक्रीट घ्यायचंच ठरलं तर कंत्राटदाराला एकच प्रश्न विचारा: हवा किती? बाहेरच्या कामाच्या काँक्रीटमध्ये मुद्दाम ५ ते ८ टक्के हवेचे सूक्ष्म बुडबुडे धरलेले असतात. बर्फाला फुगायला जागा तिथे मिळते. ताकद ३२ मेगापास्कल. ट्रकबरोबर येणाऱ्या पावतीवर हे बघता येतं. पावती मागून घ्या आणि जपून ठेवा. ‘पसरायला सोपं जातं’ म्हणून कुणी ट्रकमध्ये जादा पाणी ओतायला लागला तर थांबवा.

आणि मीठ. पहिल्याच डिसेंबरात मी मागच्या दारापासून पुलाच्या हीटरपर्यंत रस्त्यावरचं साधं मीठ मूठमूठ फेकलं. एप्रिलमध्ये बर्फ गेला तेव्हा नेमक्या त्याच पट्ट्यात वरचा थर पोपड्यांसारखा सुटला होता, बोट फिरवलं की खडी हाताला लागायची. नव्या काँक्रीटला पहिल्या हिवाळ्यात मीठ अजिबात नको, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. ती जागा नंतर बुजवली, पण रंग काही जुळला नाही. गोधडीला ठिगळ शोभतं, कोब्याला नाही.

पेव्हरची खरी ताकद इथेच. कारखान्यात दाबून केलेली ती वीट साध्या ओतीव काँक्रीटपेक्षा कितीतरी घट्ट असते, पाणी कमी पिते. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती सुटी असते. जमिनीखालच्या पुलासाठी खड्डा पुलापेक्षा मोठा खणतात आणि उरलेली जागा मागाहून भरतात. ती भर पहिल्या एक-दोन वर्षांत बसतेच, कितीही ठोकली तरी थोडी बसते. त्यावर सलग कोबा असेल तर तडा जातो. पेव्हर असतील तर खळगा पडतो. मेहुण्याकडे पायऱ्यांजवळ असा परातीएवढा खळगा झाला होता. दोन चपटे स्क्रू-ड्रायव्हर घालून आम्ही पहिली वीट उपसली, मग बाकीच्या हाताने निघाल्या. खाली खडीची बारीक कच भरली, फळीने सपाट केली, विटा परत बसवल्या आणि रबरी हातोडीने ठोकल्या. चहा दोनदा झाला, दुरुस्ती एकदाच. कुठे काम केलंय ते आज त्यालाही दाखवता येत नाही.

मात्र पेव्हर घेणाऱ्याने रोजच्या सफाईचा कंटाळा करून चालत नाही. शेकडो सांधे, प्रत्येकात माती, मेपलच्या बिया, मुंग्या. सांध्यांत पॉलिमरची वाळू भरतात. ती पाणी लागल्यावर घट्ट होते. पण प्रेशर वॉशर जवळ धरून फिरवलात की ती कारंज्यासारखी उडते आणि पुलात जाते. लांबून, पंख्यासारखी धार ठेवून, तिरकं धुवायचं. वाळू नव्याने भरताना फरशी कोरडीठाक हवी, आणि पाणी मारण्याआधी वर राहिलेली पूड ब्लोअरने उडवायलाच हवी, नाहीतर दुधाळ साय कायमची बसते.

नव्या पेव्हरवर पांढरी भुकटी दिसली तर घाबरू नका. सिमेंटमधला चुना वर येतो, तो बहुधा ऊन-पावसानेच जातो. आपल्याकडे संडास-बाथरूमची फरशी ॲसिडने धुऊन काढायची सवय असते, ती इकडे आणू नका. ॲसिड डागाबरोबर सिमेंट आणि रंगही खातं. हेच चुनखडीच्या दगडाला लागू. नैसर्गिक दगड घेणार असाल तर ग्रॅनाइटसारखा घट्ट घ्या. पापुद्रे सुटणारा वालुकाश्म कितीही देखणा असला तरी मी त्याच्या वाटेला जाणार नाही.

लाकूड आणि कॉम्पोझिट हे मुख्यतः जमिनीवर ठेवलेल्या पुलांसाठी. देवदाराला दर दोन-तीन वर्षांनी तेल किंवा स्टेन हवंच. कॉम्पोझिटला ते नको, पण फटींत अडकलेल्या पानांवर काळी बुरशी धरते आणि जुलैत गडद रंगाची फळी अनवाणी पायाला चटके देते. बर्फ काढायला फावडं प्लास्टिकचंच वापरा.

पण मुळात बर्फ काढायचा कशाला? पूल बंद, तिकडे जाणार कोण? दारापासून हीटरपर्यंतची वाट सोडली तर मी आता बाकीचा डेक तसाच ठेवतो. सुंठेवाचून खोकला जातो. वाटेवर मिठाऐवजी वाळू टाकतो. पूल खाऱ्या पाण्याचा असेल तर उन्हाळ्यात उडालेलं मीठही डेकवर साठतं, म्हणून बंद करण्याआधी एकदा गोड्या पाण्याने भरपूर धुऊन काढा.

मग घ्यायचं काय? पूल नवा असेल, भर ताजी असेल, तर पेव्हर, दुसरा विचार नको. जुन्या घराबरोबर धडधाकट काँक्रीट मिळालं असेल तर ते उखडू नका. भेगा बुजवा, मुरणारा सीलर मारा. वर्षातून एकदाही गुडघ्यावर बसून सांधे साफ करणं जमणार नसेल, तर पेव्हरचा मोह सोडा आणि साधं काँक्रीट घ्या.

दोन्हींत एक जागा मात्र सारखीच बघावी लागते: पुलाच्या काठाचा दगड आणि डेक यांच्यामधली बोटभर फट. तिच्यात रबरासारखं सीलंट असतं. ते सुटलं की पाणी थेट काठामागे जातं, गोठून काठ पुलाकडे ढकलतं, आणि मग दुरुस्ती डेकची राहत नाही, पुलाची होते. सप्टेंबरात अंगठ्याने दाबून पाहा. कडेला सुटलेलं किंवा कडक झालेलं असेल तर तेव्हाच बदला. ऑक्टोबर उलटला की ते चिकटेल इतकी ऊब कोरड्या दिवसांतही क्वचितच मिळते.