आय७ १४७००के : प्रोसेसर जबरदस्त, पण धोक्याचं सांगणार कोण?

व्हिडिओ एडिटिंगसाठी इंटेलचा कोअर आय७ १४७००के घेतला, स्पीडबद्दल तक्रार शून्य. २० कोअर, २८ थ्रेड, एक्स्पोर्ट लावून ठेवा आणि दुसरीकडं खुशाल फोटोंचं काम करत बसा, कुठंच अडकत नाही. तापतो मात्र भयंकर, फुल लोडवर २५३ वॉटपर्यंत जातो, त्यामुळं कूलरमध्ये काटकसर नको. परफॉर्मन्सला पाचपैकी साडेचार.

पण लगेच ऑर्डर टाकू नका. इंटेलच्या १३व्या-१४व्या जनरेशनच्या डेस्कटॉप प्रोसेसरचा घोळ माहितीय ना? हा १४७००के त्यातलाच. चिपमधला मायक्रोकोड, म्हणजे चिपनं आतून कसं चालायचं ते ठरवणारा छोटा प्रोग्राम, गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्यानं चिप हळूहळू कायमची खराब होत होती. लोकांना गेम सुरू करताना मेसेज यायचा की व्हिडिओ मेमरी संपली, म्हणजे दोष प्रोसेसरचा आणि संशय ग्राफिक्स कार्डावर! शेवटी एप्रिल २०२४ मध्ये ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियानंच सांगितलं की या प्रोसेसरवर असा त्रास होत असेल तर इंटेलला विचारा. व्होल्टेजचं कारण इंटेलनं जुलैमध्ये जाहीर केलं, ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड अपडेट आले, वॉरंटी पण ३ची ५ वर्षं केली. वॉरंटी वाढवली ते चांगलंच केलं. पण अपडेटनं पुढचं नुकसान टळतं, झालेलं भरून येत नाही, म्हणून वेळेत कळणं महत्त्वाचं.

आणि कळणार कुठून? हे अपडेट येतं बायोसमधून, म्हणजे पीसी चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्राममधून. घोषणा इंटेलच्या साईटवर, बायोसची फाइल मदरबोर्डवाल्याच्या साईटवर, आणि मला पीसी जोडून देणाऱ्या दुकानदारानं बायोसचं नाव पण काढलं नाही. मी डिलीट दाबून बायोसमध्ये गेलो तर व्हर्जन ऑगस्टच्या आधीचं, मग पेनड्राइव्हवर फाइल टाकून फ्लॅश केलं, म्हणजे नवं व्हर्जन चढवलं, चिपला इंटेलनं ठरवलेल्या मर्यादेत ठेवणारं इंटेल डिफॉल्ट सेटिंग ऑन केलं, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला. पण ज्याला बायोस म्हणजे काय हेच माहीत नाही त्यानं काय करायचं?

दुकानदारानं सांगायलाच हवं, पण पहिली जबाबदारी बनवणाऱ्याचीच असं माझं ठाम मत आहे, कारण दोष नक्की काय आहे ते सगळ्यात आधी त्यालाच कळतं. गाडीचा पार्ट खराब निघाला तर कंपनी रिकॉल काढून मालकाला कळवते, मग एवढ्या महागड्या चिपला का नाही? १९९४ला इंटेलच्याच पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारात चूक होती, ती इंटेलला आतल्या आत कळलेली, पण जगाला कळली थॉमस नाइसली या गणिताच्या प्रोफेसरमुळं, आणि बोंबाबोंब झाल्यावर डिसेंबरमध्ये मागेल त्याला चिप बदलून द्यायला कंपनी तयार झाली, ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. एवढं होऊनसुद्धा ३० वर्षांनी गिऱ्हाइकानंच शोधत बसायचं हे मला अजिबात पटत नाही.

घ्यायचाच असेल तर बिलाच्या वेळीच दुकानदाराकडून बायोस अपडेट करून घ्या, समोर उभं राहून व्हर्जन बघा. सेकंडहँड असेल तर अपडेट कधी केलं ते विचारा, नीट उत्तर नाही मिळालं तर सरळ सोडून द्या.