बेसचा आवाज फाटतोय: पिकअप बदलायचा की खाली उतरवायचा?

कालिदास कलामंदिरात बेस गिटारचा सिग्नल डीआयमधून (तो मिक्सरला जुळवून देणाऱ्या पेटीतून) थेट मिक्सरला दिला आणि जोरात वाजवताच आवाज फाटला, तर आधी पिकअप (तारांखालचा, त्यांचं कंपन सिग्नलमध्ये बदलणारा चुंबक आणि कॉइलचा भाग) खाली घ्या. (ॲक्टिव्ह बेस, म्हणजे आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला, असेल तर त्याहीआधी 9 व्होल्टची बॅटरी बदला, बॅटरी उतरली की आवाज असाच फाटतो.) शेवटच्या फ्रेटवर तार दाबून चुंबकापर्यंतचं अंतर मोजा: जॅझ बेसला (फेंडरचं एक मॉडेल) सर्वात जाड ई तारेखाली साधारण 3.2 मिमी, सर्वात बारीक जीखाली 2.4. चुंबक फार जवळ असला की तार ओढतो, वरच्या फ्रेटवर सूर डळमळतो, तेही थांबेल.

पिकअप बदलून कमी आउटपुटचा बसवला, तर तो आवाजाचा पोतच बदलतो. कॉइलचे वेढे कमी, त्यामुळे ट्रेबल मोकळा, मिड हलका. नुसत्या किलोओहमवर (कॉइलच्या रोधावर) निवडू नका, बारीक तारेनेही तो आकडा फुगतो. मात्र मिक्सरवर गेन (सिग्नलची पातळी) वाढवावा लागतो, आणि सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलच्या, पिकअपमध्ये लाइट डिमरची घरघर वर येते. ती कमी करायला कॅव्हिटीत (पिकअप बसतो त्या पोकळीत) तांब्याची पट्टी लावून ती ग्राउंडला जोडा.