ताई, बोचकं टपावर का दारात?

बायकांच्या या दवाखान्याला पाचपैकी चार तारे. एक का कापला ते शेवटी सांगते.

मी एसटीत वाहक. वय 44. सातारा–स्वारगेट फेरीला दोन वर्षं माझी पाळी म्हणजे परीक्षाच होती. दहा-दहा दिवस अंगावरून जायचं, त्यातले तीन दिवस तर तासाला पॅड बदलावं लागायचं, लिंबाएवढ्या गुठळ्या पडायच्या. खंबाटकी घाटात गाडी अडकली की मला घाम फुटायचा. त्यात लघवीही सारखी लागायची. ड्रायव्हर बिचारे काही न विचारता गाडी ढाब्याला घ्यायचे.

आधी दुसरीकडे दाखवलं होतं. पोटावरून सोनोग्राफी झाली आणि रिपोर्टात गर्भपिशवीला 6 सेंटिमीटरची गाठ आली. "मुलं झालीत ना? मग पिशवी काढून टाका," इतकंच बोलणं. एवढ्या मोठ्या निर्णयाला मी मोजून चार मिनिटं बसले होते.

मग मावसबहिणीने इथे आणलं. इथल्या डॉक्टर मॅडमचा पहिला प्रश्न, "ताई, कच्चे तांदूळ खाता का?" मी गारच. डब्यात हात घालून चोरून खायचे, घरी कुणालाच माहीत नव्हतं. लोह फार कमी झालं की असं होतं म्हणे. हिमोग्लोबिन 7.4 निघालं. धाप लागते ती वयाने, असं मी धरून चालले होते.

इथे पोटावरून सोनोग्राफी करून झाल्यावर लघवीला जाऊन यायला सांगितलं आणि पुन्हा खालून केली. त्यात आधीच्या रिपोर्टात नसलेली दुसरी गाठ दिसली. दोन सेंटिमीटरही नव्हती. रक्ताचा सगळा दंगा तिचाच!

मॅडमनी कागदावर पिशवी काढली आणि विचारलं, "बसमध्ये बोचकं टपावर असेल तर आतल्या माणसाला त्रास होतो का? आणि तेच दारात ठेवलं तर?" मोठी गाठ पिशवीच्या बाहेरच्या अंगाला होती, पुढच्या बाजूला. ती मूत्राशयावर रेलायची, म्हणून लघवी सारखी. पाळीशी तिचं फारसं देणंघेणं नव्हतं. छोटी मात्र आतल्या अस्तराखालून पोकळीत घुसलेली. अशी गाठ असली की अस्तर पसरतं, पिशवीला नीट आवळता येत नाही आणि रक्त थांबत नाही. गाठ केवढी यापेक्षा ती कुठे आहे हे आधी बघायचं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. कितीतरी बायकांना गाठी असतात आणि काहीच होत नाही, हेही तेव्हाच कळलं.

कंबरदुखीही गाठीमुळेच ना, असं विचारलं तर हसल्या. "ती तुमच्या नोकरीची. तिचं खापर गाठीवर फोडू नका." असं स्पष्ट बोलणारं माणूस मला आवडतं.

आधी शिरेतून लोह दिलं, मग दुर्बिणीने खालून छोटी गाठ काढली. पोटाला टाका नाही, संध्याकाळी घरी. काढलेला तुकडा तपासायला पाठवला, साधीच गाठ निघाली. मोठीला हात लावला नाही. सहा महिन्यांनी बघायचं, आणि पाळी गेल्यावर ती बहुतेक आपोआप आक्रसेल म्हणतात. त्यामुळे लघवीचा त्रास अजून आहे, खोटं कशाला सांगू. पण पाळी आता पाच दिवसांत आटोपते आणि चार महिन्यांत हिमोग्लोबिन 11.6 झालंय. तांदळाचा डबा आता फक्त कुकर लावताना उघडते.

आता कापलेला तारा. अकराची वेळ देतात आणि नंबर येतो एकला. सोनोग्राफीसाठी लिटरभर पाणी पिऊन बसलेल्या बाईला दोन तास ताटकळत ठेवायचं, ते पण माझ्यासारखीला! वर बाथरूमला कडी नाही. मी दार पायाने दाबून धरलं होतं. कडी बसवा, तारा लगेच परत देते.